कॉलेज निवडताना शिक्का नव्हे, सूत पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मालेगावच्या बाजारात पंधरा-वीस दिवस एकच प्रश्न फिरत असतो. गिऱ्हाईक कापड पाहते, भाव करते आणि उठता उठता विचारते, "सेठ, मुलगा पास झाला आहे. त्याला कुठे टाकू?" विचारणारा कधी चार मागांचा मालक असतो, कधी सायझिंगमधला कामगार, कधी रंगाऱ्याचा भाऊ. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा हा पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी असते. त्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, परंतु त्यांपैकी बरेच जण कोणत्या तरी संस्थेचे एजंट असतात.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. उर्दू माध्यमातून शिकलो आणि कापडाच्या व्यापारात पडलो. मात्र जे आपण दुकानात रोज करतो, ते मुलाचे कॉलेज निवडताना अजिबात करीत नाही, एवढे माझ्या ध्यानात आले आहे. ग्रे कापडाचा तागा घेताना आपण त्यावरचा छाप पाहून पैसे मोजत नाही. तागा उलगडतो, पन्हा मोजतो, भिंग लावून एका इंचातले धागे मोजतो, पोत बोटांत धरून पाहतो. मुलाची तीन-चार वर्षे आणि घरातील जमापुंजी ज्या ठिकाणी द्यायची, तेथे मात्र आपण फक्त दरवाजावरची पाटी वाचतो.

माझ्याच शिक्क्याची गोष्ट

या विषयावर लिहायला मी का बसलो, ते आधी सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका कारखानदाराचा मुलगा माझ्या पेढीवर आला. त्याच्या हातात कॉलेजचा छापील कागद होता. सहा आठवडे पेढीवर काम केल्याचा अनुभवाचा दाखला त्याला हवा होता. मी म्हटले, उद्यापासून ये. तो म्हणाला, "चाचा, सगळे असेच करतात. फक्त सही-शिक्का पाहिजे." त्याच्या वडिलांशी माझा जुना व्यवहार. मी फार विचार न करता शिक्का मारून दिला.

वर्षभराने तोच मुलगा नोकरी मागायला आला आणि त्याने माझ्याच शिक्क्याचा कागद माझ्यासमोर ठेवला. मी त्याला बाजारातला साधा हिशेब घातला. रीड ६०, पिक ५२, पन्हा ४८ इंच, ताणा आणि बाणा दोन्हीकडे ३० काउंटचे सूत. १०० मीटर कापडाला सूत किती लागेल? त्याने मोबाइल काढला, पण कशाला कशाने गुणायचे हेच त्याला ठाऊक नव्हते. शेजारी एक वयस्क कारखानदार बसले होते. शाळा त्यांनी चौथीत सोडलेली. त्यांनी तोंडी सांगितले, साडेदहा किलोच्या जवळपास, आणि विणताना धागा आखडतो ते व वाया जाणारे सूत वेगळे.

हे उत्तर काही जादूचे नाही. ३० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ३० लडी, एवढे माहीत असले की बाकी गुणाकार-भागाकार आहे. ताण्याचे २८८० धागे, त्यांची लांबी, त्यावरून लडी, लडींवरून वजन. बाण्याचेही तसेच. पदवीच्या अखेरच्या वर्षातील मुलाला हे दहा मिनिटांत शिकवता आले असते. कॉलेजने ते शिकवले नाही, मीही शिकवले नाही. दोघांनी मिळून त्याला एक कागद दिला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

म्हणून या लेखात कॉलेजांचे दोष सांगताना मी आपल्याला, म्हणजे व्यापाऱ्यांना, बाजूला ठेवणार नाही.

विद्यापीठ एक, कॉलेजे अनेक

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे पालक म्हणतात, "मुलाला पुणे विद्यापीठात शिकवायचे आहे," आणि त्यासाठी तो पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायला जातो. वस्तुस्थिती अशी की पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशीच संलग्न आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१४ मध्ये हे नाव मिळाले. मालेगावातील संलग्न महाविद्यालयातून पदवी घेतली तरी पदवीपत्र त्याच विद्यापीठाचे असते. मुंबई-आग्रा रस्त्याने पन्नासएक किलोमीटर पुढे धुळ्याला गेलात की विद्यापीठ बदलते. तेथे १९९० मध्ये स्थापन झालेले जळगावचे विद्यापीठ, ज्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, त्याची हद्द सुरू होते.

याचा अर्थ, विद्यापीठाच्या नावाने मुलांत फरक पडत नाही. फरक पडतो तो वर्गात कोण शिकवतो, कार्यशाळेचे कुलूप रोज उघडते की फक्त तपासणी समिती येते तेव्हा उघडते, आणि मुलाचा हात कामाला लागतो की नाही, यामुळे. एकाच गिरणीचे सूत दोन मागांवर चढवले तरी एकाचे कापड सरस येते, दुसऱ्याचे डागाळते. सूत तेच, माग आणि विणकर वेगळे.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन अशा शाखांत आणखी एक पायरी असते. औषधनिर्माणाच्या संस्थेला फार्मसी कौन्सिलची आणि अभियांत्रिकीच्या संस्थेला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते. ही मान्यता प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगवेगळी असते. संस्थेचे पाच अभ्यासक्रम मान्य असतात आणि सहावा नसतो, आणि एजंट नेमका सहाव्यासाठी गिऱ्हाईक शोधत फिरतो. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो. सायबर कॅफेत बसून ती यादी पाहायला पाच मिनिटे लागतात. पैसे भरण्यापूर्वी ती पाच मिनिटे द्या.

उद्याचे काम कोणते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलगा शिकून बाहेर पडेल तेव्हा काम कोणते असेल?

मालेगावची गोष्ट घ्या. आपण ग्रे कापड विणतो. ते गठ्ठे बांधून राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जाते. तेथे धुलाई, रंगाई, छपाई होते आणि मग ते तयार माल म्हणून देशभर विकले जाते. विणण्याचा धूर आणि खडखडाट आपला, रंगाचा नफा दुसऱ्याचा. असे का? पाण्याचा आणि भांडवलाचा प्रश्न आहेच. परंतु रंगाचे रसायन जाणणारा, कापडाची प्रयोगशाळेत चाचणी करणारा, मोठ्या खरेदीदाराला त्याच्या भाषेत नमुना आणि अहवाल पाठवणारा माणूस आपल्याकडे पुरेसा तयार झाला नाही, हेही तितकेच खरे आहे.

माग स्वतःच बदलत आहे. केंद्र सरकारने १९९९ साली वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधार निधी योजना आणली, तेव्हापासून अनेक शहरांत साधा माग जाऊन रेपियर आणि एअरजेट आले. साध्या मागाला जॉबर कानाने ऐकून दुरुस्त करतो. नव्या मागात संगणकाची पट्टी असते, ती इंग्रजीत चूक दाखवते आणि एक माणूस अनेक माग सांभाळतो. ज्या दिवशी असे माग आपल्या गल्लीत मोठ्या संख्येने येतील, त्या दिवशी ते दुरुस्त करायला आपला मुलगा असेल की बाहेरून माणूस बोलवावा लागेल, याचा निकाल आज तो कोणत्या वर्गात बसतो यावर लागणार आहे.

पेढीवरचे कामही पूर्वीचे राहिले नाही. एके काळी उर्दूत लिहिलेल्या एका वहीत सगळा व्यवहार मावत असे. २००५ मध्ये व्हॅट आला, २०१७ मध्ये जीएसटी आला, २०१८ मध्ये ई-वे बिल आले. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या मालाचे पैसे लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्या हंगामात किती व्यापाऱ्यांनी माल परत केला आणि किती कारखानदार अडकले, हे बाजाराने पाहिले आहे. ज्याच्या घरात हा कायदा वाचणारे कोणी होते तो सावरला. बाकीचे दुसऱ्याच्या सल्ल्यावर राहिले.

तेव्हा "शिकून काय, नोकरी कुठे आहे?" हा प्रश्न अर्धाच आहे. काम आपल्या बाजारातच पडून आहे. ते करणारा हात आपण तयार करीत नाही.

"माग चालवला तर शुक्रवारच्या आत पैसे"

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. कारागीर बांधव म्हणतो, "मुलगा आज मागावर उभा राहिला तर आठवड्याची मजुरी घरात येते. जुम्याच्या सुट्टीपूर्वी हातात पैसे असतात. कॉलेजात गेला तर तीन वर्षे खर्च, आणि पुढे पदवी घेऊन परत मागावरच येणार असेल तर फायदा काय?" भाड्याच्या घरात सहा माणसे खाणारी असतील तर हा हिशेब चुकीचा म्हणण्याचा मला हक्क नाही.

परंतु या हिशेबात एक रक्कम लिहायची राहून जाते. सोळाव्या वर्षी मागावर उभा राहिलेल्या मुलाची मजुरी आणि चाळिसाव्या वर्षीच्या त्याच्या वडिलांची मजुरी यांत फार अंतर नसते. कापड मीटरने मोजले जाते, त्यात वयाचा आणि अनुभवाचा भाव नसतो. मंदी आली, सुताचे दर चढले, कारखानदाराने माग आठवड्यातून चारच दिवस चालवले, की मजुरी तेवढीच कमी. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की देशातील वीस वर्षांवरील लोकसंख्येत सुमारे सात टक्के पदवी किंवा पदविकाधारक असताना मुसलमानांत हे प्रमाण चार टक्क्यांहून कमी होते. त्या आकड्याला आता बरीच वर्षे लोटली, पण आपल्या गल्लीत तो आकडा कसा तयार होतो ते आपल्याला ठाऊक आहे. दर जून महिन्यात एकेक मुलगा करून तो तयार होतो.

शिवाय काम की शिक्षण अशी एकच वाट निवडण्याची सक्तीही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांसाठीच आहे. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. तेथे उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण मिळते आणि दूरशिक्षणाचीही सोय आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, त्यानंतर तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, अशी शिडी महाराष्ट्रात आहे. ज्याला पैशांची घाई आहे त्याने पहिल्या पायरीवर थांबून कमवावे आणि जमेल तेव्हा पुढची चढावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर साध्या पदवीचीही रचना बदलली असून ठरलेली क्रेडिट पूर्ण केल्यास एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते आणि नंतर परतताही येते. पूर्वी दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटले की दोन्ही वर्षे पाण्यात जात. आता तसे होण्याचे कारण नाही, फक्त नियम विचारून घेतले पाहिजेत.

तागा उलगडून पाहा

कॉलेज पाहायला जाल तेव्हा मुलाला आणि शक्य असेल तर त्याच्या आईलाही सोबत न्या. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, वर्ग चालू असताना जा. आणि पुढील गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, कार्यशाळा आणि प्रयोगशाळा. यंत्रावर धूळ आहे की तेल आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चालणारे यंत्र आणि दाखवायला ठेवलेले यंत्र आपण लांबून ओळखतो. विद्यार्थ्याच्या वहीत प्रयोग स्वतःच्या हस्ताक्षरात आहेत की एकमेकांचे उतरवलेले, तेही उघडून पाहा.

दुसरी गोष्ट, शिक्षक. नावे फलकावर असतात. ती माणसे वर्गात आहेत का ते पाहा. मागील वर्षीचे किती शिक्षक या वर्षी टिकून आहेत हे शिपायाला विचारले तरी कळते.

तिसरी गोष्ट, गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले. माहितीपुस्तिकेत हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे असतात. त्यावर जाऊ नका. आपल्याच मोहल्ल्यातील दोन मुलांची नावे घ्या आणि त्यांना गाठा. काय काम करता, ते या शिक्षणामुळे मिळाले का, पहिला पगार किती होता, हे सरळ विचारा. दोन मुलांची खरी हकिकत शंभर पानी पुस्तिकेपेक्षा मोलाची असते.

चौथी गोष्ट, भाषा. आपली बरीच मुले उर्दू शाळांतून येतात. दहावीला चांगले गुण मिळवणारा मुलगा पहिल्या वर्षाला नापास होतो, कारण त्याला गणित येत असते पण गणिताचा इंग्रजी प्रश्न कळत नाही. त्याला वाटते आपल्यात अक्कल कमी आहे. तो दिवाळीच्या सुट्टीनंतर परत जात नाही. मी स्वतः मराठी लिहायला शिकलो ते विक्रीकर कार्यालयाच्या खिडकीसमोर, अर्ज तीनतीनदा परत आल्यावर. त्या खिडकीने मला जे शिकवले ते मुलांना कॉलेजने पहिल्या दोन महिन्यांत शिकवले पाहिजे. म्हणून प्राचार्यांना विचारा, उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी सुरुवातीला इंग्रजी आणि मराठीचे वेगळे वर्ग घेता का? जे कॉलेज घेत नसेल त्याला ते घ्यायला लावा. चार पालक एकत्र गेले तर प्राचार्य ऐकतात.

पाचवी गोष्ट, पूर्ण खर्च. शुल्काच्या आकड्यापुढे विकास निधी, परीक्षा, गणवेश, बस, वसतिगृह हे सगळे लिहून घ्या आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. आपण सुताचा भाव ठरवताना वाहतूक, हमाली, दलाली सगळे धरतो. येथेही धरा.

सहावी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. कॉलेज मुलाला प्रत्यक्ष कामावर पाठवते का, कोठे पाठवते, आणि तो खरोखर गेला की नाही हे पाहायला कोणी येते का? माझ्या शिक्क्याच्या वेळी कोणीही पाहायला आले नव्हते. त्या कॉलेजमधून एक फोन जरी आला असता तरी मी खोटी सही केली नसती.

जवळचे केव्हा, दूरचे केव्हा?

माझा कल जवळच्या कॉलेजकडे आहे, हे आतापर्यंत वाचकांच्या लक्षात आले असेल. त्याचे कारण केवळ खर्च नाही. मुलगा सकाळी वर्गात शिकलेली गोष्ट संध्याकाळी काकाच्या कारखान्यात, मामाच्या पेढीवर पडताळून पाहू शकतो. त्याचे शिक्षक आपल्या बाजारात येऊ शकतात आणि आपण त्यांच्या वर्गात जाऊ शकतो. दूरच्या शहरात ही ये-जा तुटते.

पण काही शिक्षण जवळ मिळतच नाही, तेव्हा दूर पाठवण्याची हिंमत केली पाहिजे. कापडाचेच शास्त्र शिकायचे असेल तर इचलकरंजीची डीकेटीई ही संस्था १९८२ पासून यंत्रमागाच्या गावातच ते शिकवते आहे. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ मध्ये सुरू झाली. रंग आणि तंतूंच्या रसायनासाठी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आणि आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. अशा ठिकाणी गुणांवर प्रवेश मिळत असेल तर घर गहाण न ठेवता जे करता येईल ते करावे. परंतु गुणांवर प्रवेश न मिळणारे आणि जवळच्या कॉलेजपेक्षा चांगलेही नसणारे दूरचे कॉलेज केवळ शहराच्या नावासाठी घेणे, हा तोट्याचा सौदा आहे.

काही बांधव विचारतात, संस्था आपल्या माणसांची आहे का? आपल्या संस्था आपण बळकट केल्याच पाहिजेत. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून हे काम करीत आहे. पण शिक्षणाच्या बाबतीत आपल्या आदरणीय प्रेषितांचा (स.) आदर्श आपल्यासमोर आहे. बद्रच्या लढाईत पकडलेल्या ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांना मदिनेतील मुलांना शिकवण्याच्या बदल्यात मुक्त करण्यात आले. शिकवणारे तर शत्रुपक्षाचे होते. जेथे हुनर चांगला शिकवला जातो तेथे जा, मग दरवाजा कोणाचाही असो.

मुली आणि कागदपत्रे

मुलींबद्दल वेगळे लिहिण्याची गरज पडू नये, पण पडते. दहावीच्या निकालात आपल्या मुली मुलांच्या पुढे असतात आणि जुलै महिन्यात घरी बसलेल्या असतात. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. एजंटमार्फत व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ नाही.

आपल्या अनेक कारागीर बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. अडचण कागदाची असते. शाळेच्या दाखल्यावर फक्त "मुस्लिम" लिहिलेले असते, बिरादरी लिहिलेली नसते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद, असे काही शोधावे लागते. हे काम निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. मूल आठवीत असतानाच ते सुरू करा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, या पाच कागदांची एक थैली प्रत्येक घरात तयार असावी. कित्येक हुशार मुलींच्या जागा गुणांअभावी नव्हे, एका कागदाअभावी गेल्या आहेत.

आता आपली पाळी

इमाम अबू हनिफा हे कुफा शहरातील कापडाचे व्यापारी होते, हे आपल्याला अभिमानाने सांगितले जाते. त्यांच्याबद्दलची एक हकिकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड गिऱ्हाइकाला दोष न सांगता विकले. इमाम साहेबांना कळले तेव्हा गिऱ्हाईक सापडेना. त्यांनी त्या मालाची रक्कम दान करून टाकली. कापडातला दोष लपवून घेतलेला पैसा त्यांना नको होता.

काम न केलेल्या मुलाच्या कागदावर शिक्का मारणे म्हणजे दोष लपवून माल पुढे पाठवणे होय. फरक एवढाच की येथे माल म्हणजे आपलेच मूल आहे. कॉलेजला आपण दोष देतो की ते कामाचे शिक्षण देत नाही. पण कामाची जागा कॉलेजकडे नसते, ती आपल्याकडे असते. माग आपल्याकडे आहेत, सायझिंग आपल्याकडे आहे, वह्या आणि संगणक आपल्याकडे आहेत. नव्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे तास सक्तीचे होत आहेत. त्यासाठी मुले आपल्या दारात येणार आहेत. त्यांना शिक्का द्यायचा की काम द्यायचे, हे आपण ठरवायचे आहे.

माझ्या पेढीवर मी आता नियम केला आहे. वर्षाला दोन मुले घेतो. मुलगा असो वा मुलगी, पहिले दोन आठवडे फक्त माल पाहणे, मोजणे, नोंदवणे. पुढे बिले, ई-वे बिल, वसुलीची पत्रे. शेवटी सुताचा तोच जुना हिशेब. तो आला तरच सही. येण्याजाण्याचा खर्च आणि थोडा हातखर्च देतो. यात माझे फारसे जात नाही. उलट कामाचा माणूस आधी मलाच दिसतो. शंभर पेढ्यांनी आणि कारखान्यांनी दोन-दोन मुले घेतली तर वर्षाला दोनशे मुले कामाला हात लावून बाहेर पडतील. त्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही, आणि मिल्लतच्या नावाने मोठी सभाही घ्यावी लागत नाही.

ज्या मुलाला मी खोटा दाखला दिला होता, त्यालाही पुढे मी सहा आठवडे बसवून घेतले. या वेळी खरोखर. तो चिडला, दोनदा घरी निघून गेला, वडिलांनी परत पाठवले. आज तो एका सायझिंगमध्ये सुताचा आणि बिलांचा हिशेब सांभाळतो. मध्यंतरी त्याच्या धाकट्या भावाच्या प्रवेशाचा प्रश्न आला तेव्हा तो मला विचारायला आला नाही. स्वतःच तीन कॉलेजे पाहून आला आणि कोणत्या ठिकाणी यंत्रावर धूळ होती ते मला सांगून गेला.

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, प्रवेशाचे अर्ज भरण्याची मुदत थोडी असते. या आठवड्यात एक दिवस दुकान दोन तास उशिरा उघडा. मुलाला किंवा मुलीला घेऊन गावातल्या दोन कॉलेजांत जा आणि तागा उलगडून पाहा. आणि तुमच्या पेढीवर एखादा विद्यार्थी कागद घेऊन आला, तर शिक्क्याची पेटी उघडण्याआधी त्याला बसायला खुर्ची द्या आणि समोर कापड ठेवा. बरकत देणारा अल्लाह आहे, माल पारखण्याचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपवले आहे.